घरचे ऑडिटर

नाना लाच घेत नाहीत. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढे वाचताना तुमच्या मनात भलतंसलतं येणार नाही. एका दिवाळीला एका कारखानदाराने चांदीचं नाणं पाठवलं, तर नानांनी ते त्याच शिपायाच्या हाती परत धाडलं, वर त्याला रिक्षाचे पैसे दिले. नानींना माहेरकडून एका क्लायंट कंपनीचे थोडे शेअर्स आले होते. ऑडिटरच्या नातेवाइकाकडे एक लाख रुपये दर्शनी किमतीपर्यंतचे शेअर्स असले तरी कायद्याला चालतं, हे नानांना तोंडपाठ. तरी त्यांनी ते विकायला लावले. ‘‘कलमात बसतं गं, माझ्या मनात बसत नाही,’’ असं ते तेव्हा म्हणाले. नानी अजून अधूनमधून त्या शेअर्सचा आजचा भाव काढून त्यांना वाचून दाखवतात.

कोल्हापुरात राजारामपुरीच्या एका गल्लीत, पहिल्या मजल्यावर नानांचं ऑफिस आहे. जिन्यापासूनच फायली सुरू होतात. आत नाना, त्यांचं हिरव्या शाईचं पेन आणि चार-पाच आर्टिकल, म्हणजे सीए होऊ घातलेली शिकाऊ पोरं. क्लायंट बहुतेक शिरोली आणि गोकुळ शिरगाव एमआयडीसीतले: फाउंड्र्या, मशीन शॉप, एखादा पॅटर्नवाला. मीही याच ऑफिसात आर्टिकलशिप केली, त्यामुळे जे लिहितोय ते जिन्यावरच्या फायली ओलांडून पाहिलेलं आहे.

सीए लोकांच्या शाखेत नीतीवर व्याख्यान ठेवलं की वक्ते ठरलेले, नाना. सीपीईचे, म्हणजे सक्तीच्या शिक्षणाचे तास भरायला आलेली मंडळी मागच्या रांगांत मोबाइल बघत बसतात आणि नाना पुढे बोटांवर पाच धोके मोजतात. ऑडिटरचं स्वातंत्र्य पाच वाटांनी जातं: स्वार्थाने, आपणच केलेलं काम आपणच तपासल्याने, क्लायंटची वकिली करत सुटल्याने, सलगीने आणि दडपणाने. प्रत्येक धोक्याला नानांकडे एक गोष्ट आहे आणि प्रत्येक गोष्ट दूरच्या गावाची आहे.

त्यांची लाडकी गोष्ट एन्रॉनची. सुरुवात ते आपल्याकडून करतात. गुहागर तालुक्यात दाभोळच्या विजेचं जे महाभारत झालं ती हीच कंपनी, एवढं सांगितलं की मोबाइल खाली ठेवले जातात. मग ते ह्यूस्टनला जातात. एन्रॉनचे ऑडिटर आर्थर अँडरसन, १९१३ पासूनची नावाजलेली फर्म. २००० साली एन्रॉनकडून त्यांना ऑडिटचे अडीच कोटी डॉलर मिळाले आणि इतर सल्ल्याचे दोन कोटी सत्तर लाख. अँडरसनची माणसं एन्रॉनच्याच इमारतीत बसायची, आणि त्यातली कितीतरी तिथूनच उठून एन्रॉनच्या पगारपत्रकावर जायची. एन्रॉनचा मुख्य हिशेब अधिकारी रिचर्ड कॉझी हा आधीचा अँडरसनचाच माणूस. म्हणजे टेबलाच्या अलीकडे अँडरसन आणि पलीकडेही अँडरसन. डिसेंबर २००१ मध्ये एन्रॉनचं दिवाळं वाजलं, त्यापाठोपाठ अँडरसनचाही कारभार आटोपला. २००२ साली अमेरिकेने सार्बेन्स-ऑक्सले कायदा केला आणि त्यात एक कलम असं घातलं, की ऑडिटच्या चमूतला माणूस कंपनीचा सीएफओ किंवा मुख्य हिशेब अधिकारी होऊन बसला तर वर्षभर त्या फर्मने त्या कंपनीचं ऑडिट करायचं नाही.

‘‘काय म्हणावं या लोकांना!’’ असं म्हणून नाना मान हलवतात. टाळ्या पडतात. नाना जिना उतरून खाली येतात तर बाळ्या मोटार सुरू करून उभा असतो. बाळ्या म्हणजे शिरोलीच्या एका फाउंड्रीचा अकाउंट्स मॅनेजर. मोटार कंपनीची. क्लायंटच्या मोटारीत नाना मेले तरी बसणार नाहीत, पण ही क्लायंटची मोटार नव्हे, ही बाळ्याची. आणि बाळ्या नानांचा जुना आर्टिकल.

इथे नानांचा स्वभाव नीट समजून घ्यायला पाहिजे. त्यांना पैशाची हाव नाही, त्यांना पोरं लावून द्यायची हौस आहे. एखाद्या कारखान्यातला हिशेबनीस सोडून गेला की मालकाचा पहिला फोन नानांना. ‘‘साहेब, एक पोरगं बघा की. पगाराचं काय ते बघू, पण पोरगं तुमच्या हाताखालचं पाहिजे.’’ नाना फोन ठेवतात, चष्मा वर करून आर्टिकल्सच्या टेबलांकडे बघतात आणि उपवर मुलीच्या बापासारखे विचारात पडतात. कुणाचं सीए होणं कठीण दिसतंय, कुणाच्या घरी गरज आहे, कुठल्या मालकाचा स्वभाव कसा आहे, घरातली माणसं कशी आहेत. कारखान्यात आधीची किती देणी आहेत हेही बघतात, ते त्यांना माहीतच असतं. आता आर्टिकलशिप तीनाऐवजी दोन वर्षांची झाली याचं नानांना दुःख आहे. दोन वर्षांत पोरगं कळत नाही म्हणतात.

बघण्याचा कार्यक्रम ऑडिटच्या वेळीच उरकतो. पोरगं कारखान्यात व्हाउचर तपासत बसलेलं असतं, मालक सहज आत येतात आणि खुर्ची ओढतात. ‘‘काय रं, परीक्षा झाल्यावर काय करणार हाईस?’’ पोरगं लाजून म्हणतं, ‘‘अजून ठरवलं नाही.’’ ‘‘मग हितंच ये की. सरांस्नी मी बोलतो.’’ हा संवाद मी प्रत्यक्ष ऐकलेला आहे. पोरगं माझ्या शेजारीच बसलं होतं. सकाळपर्यंत त्याच्या शंकांची यादी तीन पानं झाली होती: रोखीने दिलेली मोठी बिलं, मालकांच्या घराच्या रंगाचा खर्च दुरुस्ती खात्यात, एका पुरवठादाराची ओळीने लागोपाठ नंबरांची बिलं. जेवणानंतर त्याने ती यादी पुन्हा वाचायला घेतली. संध्याकाळी ती अर्ध्या पानावर आली होती, आणि त्यातही पहिली शंका स्टेशनरीची होती.

सीए संस्थेच्या आचारसंहितेत या प्रसंगाची सोय केलेली आहे. क्लायंटकडे नोकरीचं बोलणं सुरू झालं की ऑडिट करणाऱ्याने ते आपल्या फर्मला सांगायचं. मग फर्मने त्याला त्या कामावरून बाजूला घ्यायचं, किंवा त्याने केलेलं काम दुसऱ्याकडून तपासून घ्यायचं. त्या पोराने नियम तंतोतंत पाळला. त्याच संध्याकाळी ऑफिसात येऊन नानांच्या पाया पडला. नानांनी खालून पेढे मागवले.

अशी देणी-घेणी वर्षानुवर्षं चालल्यामुळे शिरोलीत कुठल्याही गेटवर जा, आत अकाउंट्समध्ये नानांचं पोरगं सापडतं. नाना कारखान्यात येतात ते ऑडिटर म्हणून येत नाहीत, व्याही म्हणून येतात. त्यांचा मान असतो. त्यांच्या डायबेटिसची वॉचमनलाही माहिती असते, चहा न सांगता बिनसाखरेचा येतो. मालकांच्या आई वरच्या मजल्यावरून भाकरी आणि भरलं वांगं पाठवतात. हे नाना घेतात. जेवण म्हणजे भेटवस्तू नव्हे, असं त्यांचं मत आहे आणि भरलं वांगं खाल्लेल्या माणसाला ते पटतं. जेवणानंतर मालकांच्या केबिनमधल्या रेक्झिनच्या सोफ्यावर ते पंधरा मिनिटं आडवे होतात. संस्थेच्या बोधचिन्हावर गरुड आहे आणि सगळे झोपले असताना जागा राहणारा तो, अशा अर्थाचं उपनिषदातलं वचन आहे. पण त्या वेळी कारखान्यात कुणीच झोपलेलं नसतं, त्यामुळे हा नियम लागू होत नसावा.

आणि मुलगी दिलेल्या घरी कुणी उणं काढतं का? ताकातली लोणी-साय तपासायला व्याही भांड्यात हात घालतो का? नानांनी बाळ्या दिलाय त्या घरी. आता बाळ्याच्या हिशेबात खोट काढायची म्हणजे आपल्याच संस्कारात खोट काढायची.

कायद्याला हे कळत नाही अशातला भाग नाही. कंपनी कायद्याने ऑडिटरसाठी पुष्कळ कुंपणं घातली आहेत. कंपनीचा नोकर ऑडिटर होऊ शकत नाही. नातेवाईक संचालक असेल किंवा मोठ्या हुद्द्यावर असेल तर चालत नाही. नातेवाईक म्हणजे कोण, याचीही यादी नियमांत दिलेली आहे: नवरा-बायको, एकत्र कुटुंबातली माणसं, आई-वडील, मुलगा, सून, मुलगी, जावई, भाऊ, बहीण, इतकंच काय सावत्रसुद्धा. मी ती यादी दोनदा वाचली. सून आहे, जावई आहे. व्याही नाही.

मोठ्या कंपन्यांना ऑडिटर बदलावाच लागतो. एकट्या सीएला पाच वर्षं, फर्मला दहा, आणि मग पाच वर्षं त्या दारात पाऊल टाकायचं नाही. पण प्रायव्हेट लिमिटेडला हा नियम भरणा भांडवल पन्नास कोटींवर गेलं किंवा बँकेचं कर्ज पन्नास कोटींवर गेलं तरच लागतो. आमच्या फाउंड्रीचं दोन्ही त्याच्या बरंच खाली. कर्ज हद्दीजवळ येऊ लागलं की बाळ्या त्याच्यावर लक्ष ठेवतो, कारण सर जायचे म्हणजे काय! नॅशनल फायनान्शियल रिपोर्टिंग अथॉरिटी २०१८ पासून दिल्लीत आहे, पण ती बघते शेअर बाजारातल्या आणि तशाच अवाढव्य कंपन्यांकडे. शिरोलीचा रस्ता तिला माहीत असण्याचं कारण नाही.

आता बाळ्याविषयी. बाळ्या हुशार आहे, गुणी आहे आणि नानांना ओळखतो. कारखान्यातले सगळे त्याला ‘मॅनेजरसाहेब’ म्हणतात, नाना सगळ्यांसमोर ‘बाळ्या’ म्हणतात आणि तो ‘जी सर’ म्हणून उठून उभा राहतो. या नम्रपणावर जाऊ नका. नाना आल्यावर आधी दुरुस्ती खातं मागणार, मग प्रवासखर्च, मग टेलिफोन, हे त्याला माहीत आहे. प्रत्येक महिन्याच्या अखेरच्या आठवड्याची बिलं ते बघतात आणि मधल्या आठवड्यांकडे जात नाहीत, हेही माहीत आहे. घेणेकऱ्यांकडून शिल्लक कळवण्याची पत्रं मागवायची ती यादीतल्या पहिल्या दहांना, हेही. त्याला माहीत नसणार तर कुणाला? नानांच्या ऑफिसातला ऑडिट प्रोग्रॅम, म्हणजे काय काय तपासायचं त्याची छापील यादी, आर्टिकल असताना बाळ्यानेच एक्सेलमध्ये तयार केली होती. आचारसंहिता म्हणते की जुना माणूस क्लायंटकडे गेला तर तपासणीचा आराखडा बदला. नानांनी त्यात आजवर एकच बदल केला, जीएसटी आला तेव्हा. तोही बाळ्याला विचारून केला.

नव्या आर्टिकल्सना ऑडिट शिकवतो तोसुद्धा बाळ्याच. ‘‘हे बघ, सर आता विचारतील, कॅपिटल का रेव्हेन्यू? तू म्हणायचं, बेअरिंग बदललंय, नवं मशीन नाही. पुढची फाइल घे.’’ उत्तरं देणाऱ्यानेच प्रश्न सांगितल्यामुळे ऑडिट वेळेत संपतं. ३० सप्टेंबरच्या टॅक्स ऑडिटच्या गर्दीत इतर ऑफिसांत दिवे रात्री दोनपर्यंत जळतात, नानांचं ऑफिस आठला बंद होतं.

२०२३ च्या एप्रिलपासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये एडिट लॉग बंद करता येत नाही. कुणी कुठली नोंद कधी बदलली हे त्यात उमटतं, आणि ते नीट चालू होतं की नाही यावर ऑडिटरला अहवालात लिहावं लागतं. एका आर्टिकलने तो लॉग उघडला तर एप्रिलमध्ये रात्री साडेअकराला मार्चच्या नोंदी बदललेल्या. तो धावत नानांकडे आला. नानांनी लॉग पाहिला आणि त्यांचे डोळे भरून आले. ‘‘साडेअकरा वाजेपर्यंत काम करतंय पोरगं. शिका जरा!’’

सगळ्यात रंगतो तो ३१ मार्चचा दिवस, माल मोजायचा. फाउंड्रीच्या आवारात पिग आयर्नची रास, भंगाराचा ढीग, मशीन शॉपमधून आलेलं बोरिंग, बेंटोनाइटची पोती. मागे भिंतीला लागून पंपाच्या केसिंगचे कास्टिंग, थरावर थर. त्यांवर गंज चढून त्यांचा रंग विटेसारखा झालाय. दोन थरांच्या मधून गवत आलंय, आणि त्या गवताला या वर्षी बारीक पिवळं फूल आलंय. ही कास्टिंगं यादीत तयार माल म्हणून आहेत, पूर्ण उत्पादनखर्चाने.

नवी आर्टिकल मुलगी होती. तिने यादीवर बोट ठेवलं. ‘‘सर, हे गेल्या वर्षीच्या फोटोतही इथंच आहे. मागणी नसेल तर विकून जे येईल तीच किंमत धरायला पाहिजे ना? खर्च आणि विक्रीची किंमत, यात जे कमी असेल ते.’’ मालाची किंमत कशी धरायची ते सांगणारं हिशेबाचं मानक, एएस २, तिला पाठ होतं, बिचारीचा पेपर मे महिन्यात होता.

‘‘रिपीट ऑर्डरचं आहे, सर,’’ बाळ्या म्हणाला.

नानांनी गवताकडे पाहिलं. मग बाळ्याकडे पाहिलं. मग तिच्याकडे वळून अगदी प्रेमाने म्हणाले, ‘‘बाळ्यानं लिहिलंय ना? मग आपण कशाला बघायचं?’’ आणि यादीवर हिरव्या शाईची टिक पडली.

याला कुणी भ्रष्टाचार म्हणत असेल तर मी भांडेन. त्या टिकेत एक पैशाचा व्यवहार नव्हता. विकत घेतलेला ऑडिटर परवडला, त्याला निदान आपण काय करतोय हे माहीत असतं आणि कधीतरी तो घाबरतो. नाना कशाला घाबरतील? त्यांचा विश्वास खरा आहे, आणि ज्याच्यावर आहे तो त्यांच्याच हाताखाली वाढलाय. एन्रॉनच्या गोष्टीत नेमकं हेच घडलं, पण तिथे बाळ्याचं नाव रिचर्ड होतं आणि त्याला नानांनी शिकवलं नव्हतं.

पुढे बँकेने कर्जाच्या तारण मालाची तपासणी करायला सांगलीचा एक सीए पाठवला. हा गृहस्थ कुणाच्या ओळखीचा नव्हता. डबा घरून आणलेला, पाण्याची बाटलीही घरची. सोफ्यावर बसला नाही. चहा आला तेव्हा तो बिनसाखरेचा होता, कारण ऑडिटर म्हटल्यावर शिपायाला दुसरा चहाच माहीत नव्हता. त्याने तो तसाच ठेवला. मागे जाऊन गवत बघितलं. रवानगीचं रजिस्टर मागितलं आणि त्या पार्ट नंबरचा शेवटचा माल कधी गेला ते शोधलं. तीन वर्षांपूर्वी गेला होता. गिऱ्हाइकाला फोन लावला. ते मॉडेलच बंद झालं होतं. मग ट्रॅक्टर बोलावून सगळी कास्टिंगं वजनकाट्यावर नेली आणि भंगाराच्या भावाने किंमत लिहिली. अहवालात गवताचाही उल्लेख केला.

बँकेने ड्रॉइंग पॉवर, म्हणजे मालाच्या तारणावर उचलता येणाऱ्या कर्जाची मर्यादा, कमी केली. मालक चिडले, पण नानांवर नाही. ‘‘काय माणूस ओ तो, च्याबी घेतला न्हाई!’’ नानाही खूप दुखावले. ‘‘हिशेब तपासावा, माणूस तपासू नये,’’ असं म्हणाले. तरी बँकेचा कागद हातात होता, ताळेबंदावर सही व्हायची होती, त्या सहीचा ओळख क्रमांक, यूडीआयएन, काढायचा होता. नाना दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी बाळ्याला बोलावून घेतलं, दार लावून घेतलं आणि तोडगा काढला: निम्मं नुकसान यंदा दाखवायचं, निम्मं पुढच्या वर्षी. एएस २ मध्ये असे हप्ते पाडायची सोय नाही. अहवालात नेहमीप्रमाणे ‘सत्य व वास्तव चित्र’ लिहिलं गेलं.

माल मोजणारी ती आर्टिकल मुलगी पुण्याला एका मोठ्या फर्ममध्ये बदली करून गेली. नानांनी तिला शिफारसपत्र छान दिलं, त्यात ‘चौकस’ हा शब्द होता. तिच्या जागी आलेला मुलगा शांत आहे. मालकांना तो आवडलाय, बाळ्याला हाताखाली माणूस हवाच होता.

सप्टेंबरच्या अखेरीस कंपनीची वार्षिक सभा मालकांच्या घरच्या हॉलमध्ये झाली. नानांची पुढल्या पाच वर्षांसाठी ऑडिटर म्हणून फेरनेमणूक झाली. सूचक मालक, अनुमोदक त्यांच्या सौभाग्यवती. ठरावाचा मसुदा बाळ्याने केला होता आणि तो नानांनी तपासून दिला होता.